रक्तदाब ठीक आहे, मग बाळंतीण कोसळते कशी?

बाळंतपण सुखरूप झालं. बाळ रडलं, वार पडली. बाळंतिणीने चहाचे दोन घोट घेतले, आईला विचारलं, "कोणासारखं दिसतं गं?" सिस्टरने रक्तदाब पाहिला, ११०/७०. सगळे निवांत झाले. तासाभराने तीच बाई पांढरीफटक पडली, तिला घाम फुटला, ती असंबद्ध बोलू लागली, आणि रक्तदाब मोजायला गेलं तर यंत्राला तो सापडेना. बाहेर उभे असलेले घरचे म्हणतात, "आत्ता तर बोलत होती!" खोटं काहीच नसतं त्यात. ती खरंच बोलत होती आणि रक्तदाबही खरंच ११०/७० होता. मग तासाभरात असं काय झालं?

मोठ्या शहरात या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत रुग्ण लिफ्टने दोन मजले वर अतिदक्षता विभागात पोचलेली असते. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी अशा गावांसाठी हिशेब निराळा आहे. आधी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, मग साकोली किंवा तिरोड्याचं उपजिल्हा रुग्णालय, मग गोंदियाचं बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय किंवा भंडारा, आणि शेवटी नागपूर. साकोलीहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे इथल्या बाईची अतिदक्षता विभागातली लढत व्हेंटिलेटरपाशी सुरू होऊन चालत नाही. ती पहिल्या खाटेपाशी, पहिल्या मोजमापापाशी सुरू व्हावी लागते. असं का, हे समजायला गरोदर शरीरात काय काय बदललेलं असतं ते आधी पाहावं लागेल.

नऊ महिन्यांची साठवण

बाळंतपणात रक्त जाणार हे शरीर धरूनच चालतं. म्हणून गरोदरपणात अंगातलं रक्त हळूहळू ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदय दर मिनिटाला ढकलतं त्या रक्तातही ३० ते ५० टक्के वाढ होते. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन हे प्रथिनही नेहमीपेक्षा बरंच जास्त असतं. म्हणून नैसर्गिक बाळंतपणात जाणारं तीन-चारशे मिलिलिटर रक्त शरीर सहज सोसतं.

पण हीच साठवण धोका झाकून ठेवते. आपल्याकडच्या धानाच्या बांधीचं बघा. वरच्या बोडीतून पाटाने पाणी येतंय आणि खाली धुऱ्याला खेकड्याने भोक पाडलंय. वरून येणारं पाणी आणि भोकातून जाणारं पाणी जुळतंय तोवर बांधीतली पातळी तशीच दिसते. बोडी आटली की मात्र बघता बघता बांधी कोरडी पडते. म्हणून जाणता शेतकरी नुसती पातळी बघत नाही, पाट किती जोरात वाहतोय तेही बघतो.

रक्तदाब ही बांधीतली पातळी झाली. रक्त जाऊ लागलं की शरीर दोन गोष्टी करतं. कातडी, आतडी आणि मूत्रपिंडं यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून तिथलं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं, आणि हृदयाचे ठोके वाढवतं. हात-पाय गार पडतात, लघवी कमी होते, नाडी धावू लागते. रक्तदाब मात्र जागेवरच राहतो. निरोगी, तरुण बाळंतिणीचं एक लिटर, कधी त्याहून जास्त रक्त गेलं तरी तो फारसा उतरत नाही. तो उतरतो तेव्हा आवळायला काही उरलेलं नसतं. वरच्या प्रसंगातल्या बाईची नाडी कोणी मोजली असती तर ती कदाचित मिनिटाला ११८ भरली असती.

यावर एक साधा हिशेब आहे. नाडीच्या आकड्याला रक्तदाबाच्या वरच्या आकड्याने भागायचं. बाळंतिणीत हे उत्तर ०.९ च्या खाली असावं. नाडी ११८ आणि वरचा रक्तदाब ११० असेल तर उत्तर एकाच्या वर जातं. रक्तदाब 'नॉर्मल' असूनही बाई संकटात आहे, हे या एका भागाकारातून कळतं. त्याला वीज लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही.

वजनाचाही विचार हवा. दिवस भरलेल्या बाईच्या अंगात दर किलोमागे साधारण १०० मिलिलिटर रक्त असतं. धानाच्या रोवणीत कंबरेत वाकून राबणारी ४५ किलोची बाई घेतली तर तिच्याकडे साडेचार लिटर. त्यात रक्तक्षय असेल तर त्या रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशीही कमी. पुस्तकात 'सोसवेल' म्हणून दिलेला आकडा तिला सोसवेलच असं नाही.

अंदाजाने मोजलेलं रक्त

वार सुटते तिथे गर्भपिशवीच्या भिंतीत रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. दिवस भरत आलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतं. या वाहिन्या स्नायूंच्या आडव्यातिडव्या धाग्यांमधून गेलेल्या असतात. पिशवी घट्ट आकसली की धागे वाहिन्यांना पिळून बंद करतात. लांबलेल्या कळा, जुळं, अडकलेला वारेचा तुकडा अशा कारणांनी पिशवी सैल राहिली तर ती तोंडं उघडीच राहतात.

मग किती रक्त गेलं हे कळतं कसं? बहुतेक ठिकाणी डोळ्यांच्या अंदाजाने. आणि डोळे फसवतात. कपड्यात मुरलेलं, खाटेखाली सांडलेलं, पिशवीतच साचलेलं रक्त हिशेबात येत नाही. या प्रश्नावरचं एक फार मोलाचं काम आपल्याच सीमाभागात झालं आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर एक साधी प्लॅस्टिकची चादर तयार केली. ती बाळंतिणीच्या खाली अंथरायची. चादरीचा खालचा भाग नरसाळ्याच्या आकाराचा आणि त्यावर मोजमापाच्या रेघा. रक्त त्यात जमतं आणि आकडा दिसतो. या चादरीशी ताडून पाहिलं तेव्हा डोळ्यांचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला.

याच चादरीने मोजमाप करत त्यांनी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गावातल्या नर्सबाईंनी बाळंतपणानंतर लगेच पिशवी आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या, तेव्हा अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. इंजेक्शन आणि थंड पेटी जिथे पोचत नाही तिथेही औषध पोचू शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत अशीच मोजमापाची चादर आणि उपचारांचा एकत्र संच वापरला गेला. पोटावरून पिशवी चोळणं, पिशवी आकसवणारं औषध, ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी, सगळं एकामागून एक वाट न बघता लगोलग. गंभीर रक्तस्रावाच्या घटना ६० टक्क्यांनी घटल्या. यातलं एकही औषध नवं नव्हतं, महागही नव्हतं. फरक पडला तो वेळेवर मोजल्यामुळे आणि थांबून न राहिल्यामुळे. मला ही गोष्ट कुठल्याही नव्या यंत्राच्या शोधापेक्षा मोठी वाटते.

ट्रानेक्झॅमिक ॲसिड रक्ताची धरलेली गुठळी विरघळू देत नाही. २१ देशांतल्या वीस हजार बायकांवर झालेल्या अभ्यासात २०१७ मध्ये दिसलं की ते बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, उशीर झाला तर उपयोग होत नाही. म्हणजे नागपूरला पोचून द्यायचं हे औषध नव्हे. ते निघण्यापूर्वी द्यायचं.

अशी बाई अतिदक्षता विभागात येते तेव्हा तिथले डॉक्टर नुसतं गेलेलं रक्त भरत नाहीत. नुसती सलाईन चढवत राहिलं तर उरलेलं रक्त पातळ होतं, गोठण्याची ताकद आणखी घटते, अंग गार पडतं, आणि गार पडलेलं रक्त नीट गोठतही नाही. म्हणून रक्ताबरोबर प्लाझ्मा, फायब्रिनोजेन वाढवणारे घटक, कोमट केलेलं सलाईन, अंगावर पांघरूण. फायब्रिनोजेन दर १०० मिलिलिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की परिस्थिती हाताबाहेर चालली असं धरतात. गरोदर नसलेल्या माणसात हाच आकडा जेमतेम ठीक मानला असता.

जिथे सलाईनच घात करतं

दुसरा मोठा शत्रू रक्तस्रावाच्या अगदी उलट वागतो. गरोदरपणात रक्तदाब वाढवणारा आजार, म्हणजे प्रीएक्लाम्पसिया, वारेत सुरू होतो. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भपिशवीच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हायच्या असतात. त्या झाल्या नाहीत तर वार उपाशी राहते आणि आईच्या रक्तात अशी द्रव्यं सोडते की सगळ्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. वाहिन्या आवळतात, म्हणून रक्तदाब वाढतो. अस्तर गळू लागतं, म्हणून अंगावर सूज येते आणि लघवीतून प्रथिनं जातात. मेंदूवर परिणाम झाला की झटके येतात.

इथे मोकळ्या हाताने सलाईन दिलं तर ते गळक्या वाहिन्यांतून थेट फुप्फुसात उतरतं. म्हणून या आजारात द्रवाचा थेंबनथेंब मोजून देतात आणि लघवी दर तासाला मोजतात. रक्तदाब १६०/११० ला टेकला की मेंदूत रक्तस्राव होण्याआधी तो उतरवायचा असतो, पण एकदम पाडायचा नसतो, कारण वारेला रक्त त्याच दाबावर मिळतं.

झटक्यांवरचं औषध मात्र जुनं आणि स्वस्त आहे, मॅग्नेशियम सल्फेट. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या अभ्यासातून कळलं की ते वेळीच दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी वजनाने हलक्या भारतीय स्त्रियांसाठी कमी मात्रेची पद्धत २००३ मध्ये मांडली. कारण हे औषध जास्त झालं तर श्वास थांबवतं. श्वास थांबण्याआधी ते एक खूण देतं. गुडघ्याखाली हलकेच ठोकल्यावर पाय उडतो ना, तो उडायचा थांबतो. म्हणून प्रत्येक पुढच्या मात्रेआधी सिस्टर तीन गोष्टी बघते: पाय उडतो का, श्वास मिनिटाला सोळाच्या वर आहेत का, लघवी पुरेशी झाली का. तिन्हीचं उत्तर हो असेल तरच औषध. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट शेजारीच ठेवलेलं असतं.

बाळ आणि वार बाहेर आली की आजार ओसरायला लागतो, पण लगेच संपत नाही. झटके बाळंतपणानंतरच्या पहिल्या ४८ तासांतही येतात, क्वचित त्यानंतरही.

सिकल आणि फुप्फुस

पूर्व विदर्भात गरोदर बाईची गोष्ट सिकलसेलशिवाय पुरी होत नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा या आजाराचा पट्टा. नागपूरचे संपत रामटेके यांनी स्वतःच्या घरात हा आजार पाहिला आणि सिकलग्रस्तांसाठी अनेक वर्षं झगडले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली.

आई आणि वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलं असेल तर ती व्यक्ती 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आलं तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो. रुग्णाच्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटतं, पेशी ताठ आणि वाकड्या होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. प्राणवायू कमी पडला, अंगातलं पाणी आटलं, थंडी वाजली, ताप आला की हे वाढतं. कळा आणि बाळंतपणात यातलं जवळजवळ सगळंच एकत्र येतं.

सर्वांत जास्त भीती असते ती फुप्फुसाची. शेवटच्या महिन्यांत किंवा बाळंतपणानंतरच्या दिवसांत कंबर आणि हाडं जोरात दुखू लागतात. अडकलेल्या पेशींमुळे हाडांच्या आतला मगज मरतो आणि त्यातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाते. दुखण्यामुळे बाई खोल श्वास घेत नाही, म्हणून फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो. त्यात जंतूंची भर पडते. आता फुप्फुसातून प्राणवायू कमी मिळतो, म्हणून आणखी पेशी वाकड्या होतात, त्या फुप्फुसातल्याच वाहिन्या बंद करतात आणि प्राणवायू आणखी घटतो. सकाळी नुसती कंबर दुखणारी बाई संध्याकाळी व्हेंटिलेटरवर जाऊ शकते.

हे चक्र कुठेतरी तोडणं हेच अतिदक्षता विभागातलं काम. प्राणवायू, खोल श्वास घेता येईल इतकं भरपूर वेदनाशामक, प्रतिजैविकं, बेताचं सलाईन, ऊब. तेवढ्याने भागलं नाही तर रक्त बदलतात, म्हणजे तिचं थोडं रक्त काढून त्याजागी निरोगी दात्याचं रक्त देतात, त्यामुळे वाकड्या होणाऱ्या पेशींचं प्रमाणच घटतं. यासाठी नीट जुळवलेलं रक्त हवं, आणि ते ऐनवेळी मिळत नाही. म्हणून नाव नोंदवतानाच सिकलची तपासणी करायची. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिसने 'एएस' की 'एसएस' हे पक्कं करायचं. 'एसएस' बाईचं बाळंतपण कुठे होणार हे सातव्या महिन्यातच ठरलेलं असावं. कळा सुरू झाल्यावर ठरवायची ही गोष्ट नव्हे.

पावसाळ्यात ताप आलेल्या गरोदर बाईची मलेरियाची तपासणीही चुकवू नये. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया गरोदरपणात रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतो आणि फुप्फुसात पाणी भरतो.

चौकट: घरच्यांनी लगेच दवाखाना गाठावा अशी लक्षणं

• बाळंतपणानंतर पॅड भराभर भिजतं, किंवा गाठी पडतात
• हात-पाय गार, घाम, घाबरेपणा, लघवी न होणं
• जोरात डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम, पोटाच्या वरच्या भागात दुखणं
• आडवं पडल्यावर दम लागणं, छातीत दुखणं
• थंडी वाजून ताप, घाण वासाचं अंगावरून जाणं
• झटका, किंवा बोलण्यात विसंगती

१०८ ला फोन करावा. गरोदर बाई असेल तर तिला डाव्या कुशीवर ठेवावं.

रिपोर्ट 'नॉर्मल', बाई नव्हे

डावी कूस का? उताणं झोपलं की भरलेली गर्भपिशवी पाठीच्या कण्याशी असलेल्या मोठ्या शिरेवर बसते आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. अतिदक्षता विभागातही गरोदर बाईला किंचित डावीकडे कलवून ठेवतात. तिचं हृदय बंद पडलं तर छाती दाबताना एकजण हातांनी गर्भपिशवी डावीकडे सरकवून धरतो. आणि चार मिनिटांत हृदय परत चालू झालं नाही तर तिथेच, त्याच खाटेवर पोट उघडून बाळ काढतात. हे ऐकून अंगावर काटा येतो, पण ते प्रथम आईसाठी असतं. पिशवी रिकामी झाली की शिरेवरचा दाब जातो आणि तिचं हृदय पुन्हा सुरू होण्याची संधी वाढते.

प्रयोगशाळेचे आकडेही इथे वेगळे वाचावे लागतात. गरोदर बाई खोल श्वास घेते, म्हणून तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३० च्या आसपास असतो. दम्याच्या झटक्यात तो ४० दिसला तर कागदावर 'नॉर्मल' लिहून येतं, पण त्याचा अर्थ ती श्वास घेऊन दमली आहे. मूत्रपिंडं गरोदरपणात जास्त काम करतात, म्हणून क्रिएटिनिन ०.८ च्या खाली असतं. ते १.१ आलं तर कागद गप्प असतो, पण मूत्रपिंडं बिघडलेली असतात. तिला प्राणवायू २० टक्के जास्त लागतो आणि फुप्फुसातला साठा तेवढाच कमी असतो. श्वास थांबला तर ती इतरांपेक्षा फार लवकर निळी पडते. म्हणून तिला व्हेंटिलेटरवर घ्यायचा निर्णय तिच्या दमण्याआधी घ्यावा लागतो.

या सगळ्या मोजमापांत सर्वांत दुर्लक्षित मोजमाप म्हणजे श्वासाची गती. गरोदरपणात ती फारशी वाढत नाही. म्हणून मिनिटाला पंचविसावर श्वास गेले असतील तर काहीतरी आत जळतंय: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फुप्फुस किंवा हृदय. कित्येक केसपेपरवर मात्र या रकान्यात न मोजताच '२०' लिहिलेलं असतं.

वाटेतले तास

महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. देशाचा आकडा २५४ वरून ९७ वर आला. ही मोठी कमाई आहे. उरलेल्या मृत्यूंत अशाही बायका असतात, ज्यांच्या एकापेक्षा जास्त अवयवांना आधार लागतो. म्हणून २०१६ मध्ये केंद्र सरकारने प्रसूतिविभागाला लागूनच गंभीर मातांसाठी खास विभाग उभारण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली एचडीयू, जिथे दर तासाला मोजमाप होतं. दुसरी आयसीयू, जिथे निकामी झालेल्या अवयवाचं काम यंत्र किंवा औषध करतं. बहुतेक बायका पहिल्या पायरीवर नीट सांभाळल्या तर दुसरीवर जातच नाहीत. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे प्रत्येक गंभीर बाळंतिणीला नागपूरलाच पाठवावं लागेल असा काळ मागे पडायला हवा.

तरी रस्ता राहतोच. उशीर तीन ठिकाणी होतो, असं संशोधक १९९४ पासून सांगत आले आहेत: घरातून निघायचं ठरवण्यात, वाटेत, आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. वाटेतल्या उशिरावर काही साधनं आहेत. बांगलादेशच्या डॉ. सायबा अख्तर यांनी निरोधात सलाईन भरून तो गर्भपिशवीत फुगवायची युक्ती काढली. आतून दाब पडतो आणि रक्त थांबतं. पाय आणि पोटाभोवती घट्ट आवळायचा एक खास पोशाखही असतो, त्याने पायांतलं रक्त वर मेंदू-हृदयाकडे येतं. यांनी आजार बरा होत नाही, पण दोन-तीन तास मिळतात. राज्याच्या आदिवासी भागांत काही प्राथमिक आरोग्य केंद्रांशेजारी 'माहेरघर' आहे. दिवस भरत आले की बाईने तिथे येऊन राहायचं, म्हणजे पहिले दोन उशीर आपोआप गळतात.

रेफर करताना सोबत जाणाऱ्या कागदावर किती वाजता किती रक्त गेलं, कोणतं औषध कधी दिलं, शेवटची नाडी आणि लघवी किती, हे लिहिलेलं असलं की पुढच्या डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो. आणि पाठवण्याआधी फोन केला की रक्तपेढी आधीच कामाला लागते.

घरी आल्यावर

मातेच्या जिवाचा धोका वैद्यकाच्या हिशेबात बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत धरतात. या दिवसांत जंतुसंसर्ग दबा धरून असतो. २०२३ मध्ये भारतासह अनेक देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात कळांच्या वेळी ॲझिथ्रोमायसिनची एकच मात्रा दिल्यावर मातांमधला जंतुदोष किंवा मृत्यू एक तृतीयांशाने घटला. बेळगाव आणि नागपूर ही त्यातली भारतीय केंद्रं होती.

अतिदक्षता विभागातून परतलेल्या बाईला महिनोन्‌महिने थकवा राहतो, झोप लागत नाही, तिथले आवाज आठवून दचकायला होतं. दूध उशिरा येतं म्हणून तिला दोष देऊ नये. बरंच रक्त गेलेल्या बाईत मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी दुखावलेली असू शकते. दूध येतच नसेल, पाळी परत येत नसेल तर तपासणी करून घ्यावी. प्रीएक्लाम्पसिया झालेल्या बाईला पुढे रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो, म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब बघायचा. तिचा डिस्चार्ज कागद धानाच्या पोत्यामागे हरवू देऊ नये. पुढच्या गरोदरपणात नाव नोंदवताना तो आशाताईंच्या हाती पडला, तर डॉक्टरांना बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करता येते आणि बाळंतपणाची जागा आधीच ठरवता येते.